अपंगांच्या घरांतील फेरबदल : काम ‘समाधानकारक’ कोणाच्या मते?

न्हाणीघराच्या दारातील तीन इंची उंबरठा धडधाकट माणसाच्या लक्षातही येत नाही. चाकांच्या खुर्चीवर वावरणाऱ्या व्यक्तीला मात्र तो ओलांडण्यासाठी रोज दुसऱ्या माणसाची वाट पाहावी लागते. असा उंबरठा काढणे, दार रुंद करणे, पायऱ्यांच्या जागी उतरता मार्ग बांधणे, भिंतीला आधारदांडे बसविणे, जिन्याच्या कडेने सरकती खुर्ची लावणे ही बांधकामाच्या दृष्टीने किरकोळ कामे होत. परंतु ज्यांच्यासाठी ती करावयाची, त्यांच्यापैकी अनेकांना ती स्वखर्चाने करणे शक्य नसते. म्हणून काही देशांत या कामांचा खर्च सार्वजनिक निधीतून देण्याची कायदेशीर तरतूद करण्यात आली आहे.

इंग्लंड व वेल्समधील या संदर्भातील व्यवस्था विशेष तपशीलवार असून तिच्यामागे अर्धशतकाहून अधिक काळाचा अनुभव आहे. त्या अनुभवावरून एक गोष्ट स्पष्ट होते. अनुदान मिळविण्यासाठी जेवढा झगडा करावा लागतो, तेवढाच झगडा पुष्कळदा काम पूर्ण झाल्यानंतर, त्या कामाच्या दर्जाविषयी करावा लागतो. हा दुसरा झगडा का उद्भवतो आणि तो मिटविणे इतके अवघड का ठरते, याचा विचार आपल्याकडील लोकप्रतिनिधी, अधिकारी व शिक्षक यांनाही उपयुक्त वाटावा असा आहे.

कायद्याची वाटचाल

१९७० मध्ये ब्रिटिश संसदेने दीर्घकाळ आजारी व अपंग व्यक्तींसंबंधीचा कायदा संमत केला. हे विधेयक शासनाने आणलेले नव्हते. आल्फ मॉरिस या मजूर पक्षाच्या सदस्याने ते अशासकीय विधेयक म्हणून मांडले होते. हेच मॉरिस पुढे १९७४ मध्ये अपंगांच्या प्रश्नांसाठी नेमलेले पहिले मंत्री झाले. गरजू अपंग व्यक्तीच्या घरात आवश्यक ते फेरबदल करून घेण्यास साहाय्य करणे हे स्थानिक संस्थेचे कर्तव्य आहे, असे या कायद्याने प्रथमच ठरविले. त्यानंतर १९८९ च्या कायद्यान्वये ‘अपंग सुविधा अनुदान’ या नावाचे स्वतंत्र अनुदान अस्तित्वात आले आणि १९९६ च्या गृहनिर्माण अनुदान, बांधकाम व पुनरुज्जीवन कायद्याने त्याला आजचे स्वरूप दिले.

हे अनुदान ऐच्छिक नाही. कायद्यातील अटी पूर्ण होत असतील तर स्थानिक परिषदेला ते द्यावेच लागते. निधी संपला आहे, हे ते नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. कमाल मर्यादा इंग्लंडमध्ये ३०,००० पौंड, तर वेल्समध्ये ३६,००० पौंड आहे. इंग्लंडमध्ये प्रौढ अर्जदाराच्या बाबतीत उत्पन्नाची चौकशी होते. अपंग मुलांसाठी ती अट २००५ पासून काढून टाकण्यात आली. केंद्र सरकारकडून इंग्लंडमधील परिषदांना या कामासाठी मिळणारी रक्कम २०१५-१६ मध्ये २२ कोटी पौंड होती, ती २०२१-२२ मध्ये ५७ कोटी ३० लाख पौंडांवर गेली. म्हणजे निधी वाढला, कामे वाढली. आणि कामे वाढली तशी ती कशी झाली हा प्रश्नही मोठा झाला.

मंजुरीसाठी दोन कसोट्या लावल्या जातात. काम ‘आवश्यक व योग्य’ असले पाहिजे. याबाबत समाजसेवा विभागाचा सल्ला घेतला जातो आणि तो प्रत्यक्षात बहुधा व्यवसायोपचार तज्ज्ञाकडून येतो. दुसरे, घराचे वय व अवस्था पाहता काम ‘वाजवी व शक्य कोटीतील’ असले पाहिजे. हे परिषदेने ठरवावयाचे असते. अर्जासोबत सामान्यतः दोन वेगवेगळ्या कंत्राटदारांची अंदाजपत्रके द्यावी लागतात. सहा महिन्यांच्या आत निर्णय देणे परिषदेवर बंधनकारक आहे. मंजुरीनंतर काम साधारणतः बारा महिन्यांत पूर्ण व्हावे लागते. पैसे हप्त्यांनी देता येतात, परंतु काम पूर्ण होण्यापूर्वी एकूण अनुदानाच्या नऊ-दशांशांहून अधिक रक्कम देता येत नाही.

पैसा एकाचा, करार दुसऱ्याचा

वरील रचना कागदावर नेटकी दिसते. तिच्यातील गुंतागुंत लक्षात येण्यासाठी कोणाचा कोणाशी कोणता संबंध आहे हे पाहिले पाहिजे. पैसे परिषद देते. काम काय करावयाचे हे तज्ज्ञ सुचवितो. नकाशा व तपशील बहुधा परिषदेचा किंवा एखाद्या गृहसुधारणा संस्थेचा सर्वेक्षक तयार करतो. बांधकाम कंत्राटदार करतो. आणि कंत्राटदाराशी करार पुष्कळ प्रकरणांत घरात राहणाऱ्या अर्जदाराच्या नावे झालेला असतो. ज्याने आयुष्यात कधी विटांचा भाव विचारलेला नाही, अशी एखादी पंच्याहत्तर वर्षांची पक्षाघातग्रस्त व्यक्ती कायद्याच्या भाषेत ‘मालक’ ठरते व कंत्राटदार तिचा ‘कामकरी’. प्रत्यक्षात कंत्राटदाराचे लक्ष परिषदेकडे असते, कारण पुढचे कामही तिच्याच यादीतून मिळावयाचे असते.

आता १९९६ च्या कायद्यातील एक शब्द पाहावा. अनुदानाची रक्कम देण्याची अट अशी आहे की, काम ‘परिषदेच्या समाधानाप्रमाणे’ पार पडलेले असावे आणि त्याचे ग्राह्य देयक सादर झालेले असावे. येथे समाधान परिषदेचे आहे. घरात राहणाऱ्याच्या समाधानाचा उल्लेख कायद्यात आहे, पण तो कंत्राटदाराला थेट रक्कम देण्यासंबंधीच्या एका लहानशा उपकलमात. अर्जदाराचे समाधान झालेले नसेल, त्याने तशी विनंती केली आणि परिषदेला योग्य वाटले, तर परिषद कंत्राटदाराची रक्कम रोखू शकते व ती अर्जदाराला देऊ शकते. ही तरतूद चांगली आहे. पण ती विनंतीवर अवलंबून आहे, आणि विनंती करता येते हे अर्जदाराला कोणी सांगितले नसेल तर ती कायद्याच्या पुस्तकातच राहते.

बिघाड दोन प्रकारचे

दर्जाविषयीच्या तक्रारी वरवर सारख्या दिसल्या तरी त्या दोन अगदी भिन्न जातींच्या असतात. हा फरक न केल्यामुळेच निम्मे वाद वर्षानुवर्षे चिघळतात, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

पहिल्या जातीचा बिघाड कारागिरीचा. उदाहरणार्थ, उंबरठा नसलेले न्हाणीघर. स्नानाच्या जागेपासून खोलीच्या उरलेल्या भागापर्यंत जमीन सलग असते, त्यामुळे पाणी अडविणारे काहीच नसते. सारी भिस्त जमिनीच्या ढाळावर आणि खालच्या जलरोधक थरावर. ढाळ कमी पडला तर पाणी साचते व पाय घसरतो. जास्त झाला तर चाकांची खुर्ची आपोआप जाळीकडे सरकू लागते. उलटा पडला तर पाणी दाराबाहेर जाते. ढाळातील फरक डोळ्यांना दिसत नाही. कोरड्या जमिनीवर उभे राहून पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्याला तर तो मुळीच दिसत नाही. जलरोधक थरातील दोष त्याहून उशिरा उघड होतो. खालच्या खोलीच्या छताला ओल दिसू लागते तोवर शेवटचा हप्ताही दिला गेलेला असतो. आधारदांड्याचेही तसेच. तो आतून पोकळ असलेल्या पातळ फळीच्या भिंतीत साध्या खिळ्यांनी बसविला, तर रंगरंगोटीनंतर सुरेख दिसतो. माणसाचा संपूर्ण भार पहिल्यांदा त्यावर पडतो त्या दिवशी काय होते, हे सांगावयास नको.

दुसऱ्या जातीचा बिघाड अधिक फसवा असतो. काम उत्तम झालेले असते, फरशा सरळ असतात, गळती नसते. फक्त ते काम त्या माणसाला उपयोगी पडत नाही. समजा, एका गृहस्थाच्या शरीराची डावी बाजू लुळी पडली आहे. शौचकूपावर बसण्या-उठण्यासाठी त्याला उजव्या हाताशी दांडा हवा. तज्ज्ञाने तसे लिहून दिले. सर्वेक्षकाने नकाशा काढताना पाहिले की, नळ एका बाजूच्या भिंतीतून गेले आहेत, म्हणून त्याने सोयीसाठी मांडणी उलटी केली व दांडा डावीकडे गेला. कंत्राटदाराने नकाशाबरहुकूम काम केले. आता तक्रार झाल्यावर कंत्राटदार नकाशा दाखवितो, सर्वेक्षक नळ दाखवितो आणि तज्ज्ञ आपले टिपण दाखवितो. तिघेही आपापल्या परीने खरे बोलतात. गृहस्थ मात्र पूर्वीप्रमाणेच पत्नीच्या खांद्यावर भार टाकून उठतो. या प्रकरणात कंत्राटदारावर कारवाई करून काही साधणार नाही, कारण दोष त्याच्या हातात नव्हताच. जबाबदारी तपशील ठरविणाऱ्यावर येते, आणि तेथे परिषद स्वतःच उत्तरदायी असते.

तक्रार न करण्याची कारणे

या विषयातील एक बाजू आकडेवारीत सहसा येत नाही. घरातील एकमेव न्हाणीघर फोडलेले असते. कामगार दिवसभर घरात असतात. जी व्यक्ती अंथरुणावरून उठू शकत नाही, तिला काम चालू असता दुसरीकडे जाणेही सोपे नसते. अशा स्थितीत तिसऱ्या आठवड्यात कोणी कागद पुढे केला व ‘काम पूर्ण झाले, येथे सही करा’ असे सांगितले, तर सही होते. ती समाधानाची सही नसते; सुटकेची असते. शिवाय मदत मिळाली हेच पुष्कळ, त्यात खोड कशाला काढावयाची, ही भावनाही असते. सार्वजनिक पैशातून मिळालेल्या वस्तूबद्दल तक्रार करताना माणसाला स्वतःच्या कृतघ्नतेची शंका येते. वस्तुतः अनुदान हा त्याचा कायदेशीर हक्क असतो आणि बिघडलेले काम म्हणजे वाया गेलेला सार्वजनिक पैसा असतो. ३०,००० पौंडांची मर्यादा एका अर्जाला असते. तो खर्च वाया गेल्यास दुरुस्तीसाठी पुन्हा नव्याने अर्ज, नव्याने तपासणी, नव्याने प्रतीक्षा.

दाद कोठे मागावयाची?

कारागिरीतील दोषांबद्दल ब्रिटनमध्ये २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याचा आधार घेता येतो. सेवा देणाऱ्याने वाजवी काळजी व कौशल्य वापरले पाहिजे. न वापरल्यास काम पुन्हा करून देण्याची अथवा किंमत कमी करण्याची मागणी ग्राहक करू शकतो. इंग्लंड व वेल्समध्ये १०,००० पौंडांपर्यंतचे दावे सोप्या कार्यपद्धतीने चालतात आणि करारभंगाच्या दाव्याची मुदत सहा वर्षांची आहे. पण हा मार्ग अर्जदाराच्या नावे करार असेल तरच मोकळा असतो, आणि न्यायालयात जाणे आजारी माणसाला किती झेपते हे निराळेच.

येथे १९९६ च्या त्याच कायद्यातील एक विसंगती सांगितल्यावाचून राहवत नाही. या कायद्याच्या पहिल्या भागात अपंग सुविधा अनुदान आहे. दुसऱ्या भागात बांधकाम करारांतील तंटे जलद मिटविण्याची योजना आहे. तटस्थ निवाडेकाराकडे प्रकरण न्यावयाचे आणि त्याने सर्वसाधारणपणे २८ दिवसांत निर्णय द्यावयाचा, अशी ही अत्यंत उपयुक्त पद्धत आहे. मोठे कंत्राटदार व उपकंत्राटदार तिचा सर्रास लाभ घेतात. परंतु स्वतः राहत्या घराचे काम करून घेणाऱ्या व्यक्तीने केलेले करार या दुसऱ्या भागातून स्पष्टपणे वगळण्यात आले आहेत. सामान्य घरमालकाला गुंतागुंतीच्या कार्यपद्धतीत ओढले जाऊ नये, असा त्या वगळणुकीचा बचाव करता येईल. परिणाम मात्र असा झाला की, ज्या कायद्याने अपंग व्यक्तीला अनुदान दिले, त्याच कायद्यातील तंटानिवारणाचे दार तिला आपोआप उघडत नाही. करारात दोन्ही पक्षांनी तशी अट मुद्दाम घातली तरच ते उघडते.

परिषदेच्या चुकीबद्दल दाद मागण्यासाठी स्थानिक शासनाचा लोकपाल आहे. १९७४ च्या कायद्याने निर्माण झालेल्या या पदाचे आपल्याकडील लोकआयुक्तांच्या पदाशी बरेच साधर्म्य आहे. (महाराष्ट्राचा लोकआयुक्त अधिनियम त्याहून तीन वर्षे आधीचा, १९७१ चा आहे.) तक्रार प्रथम परिषदेकडे करावी लागते. तेथे समाधान न झाल्यास, सामान्यतः घटना कळल्यापासून बारा महिन्यांच्या आत, लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी शुल्क नाही. लोकपाल न्यायालयाप्रमाणे हुकूम काढू शकत नाही. तो शिफारस करतो. पण परिषदा ती बहुतेक वेळा मान्य करतात. दिलगिरी व्यक्त करणे, काम दुरुस्त करून देणे, झालेल्या त्रासाबद्दल काही रक्कम देणे, कार्यपद्धती सुधारणे अशा स्वरूपाच्या या शिफारशी असतात.

लोकपालाची मर्यादाही समजून घेतली पाहिजे. अर्जदाराने स्वतः नेमलेल्या कंत्राटदाराने वाईट काम केले असेल, तर लोकपाल कंत्राटदाराची चौकशी करीत नाही. तो एवढेच पाहतो की, परिषदेने पैसे देण्यापूर्वी पाहणी नीट केली का, तक्रार आल्यावर ती ऐकली का. परिषदेने काम स्वतः करवून घेतले असेल किंवा आपल्या वतीने एखाद्या संस्थेकडे सोपविले असेल, तर त्या संस्थेची चूक ही परिषदेचीच चूक धरली जाते. काम दुसऱ्याकडे देता येते. जबाबदारी देता येत नाही. २०१६ च्या मार्च महिन्यात लोकपालाने घरांतील फेरबदलांविषयीच्या तक्रारींवर स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध करून या विषयाकडे परिषदांचे लक्ष वेधले होते.

या साऱ्या मार्गांचा विचार करता, काम झाल्यानंतरच्या दाद मागण्यापेक्षा पैसे देण्यापूर्वीच्या तपासणीला अधिक महत्त्व आहे, हे दिसून येते. आणि ती तपासणी एकट्या बांधकाम अधिकाऱ्याने करून भागत नाही. ज्या तज्ज्ञाने गरज लिहून दिली त्याने पुन्हा येऊन पाहावे, जमिनीवर बादलीभर पाणी ओतून ते कोठे जाते हे पाहावे, आणि ज्याच्यासाठी काम केले त्याने आपल्या खुर्चीसह आत जाऊन, वळून, बाहेर येऊन दाखवावे. यास अर्धा तास पुरतो.

महाराष्ट्रातील संदर्भ

आपल्याकडे इंग्लंडसारखे केवळ घरातील फेरबदलांसाठीचे हक्काचे अनुदान नाही. त्यामुळे तेथील कायदा जसाच्या तसा येथे लागू करून पाहण्यात अर्थ नाही. तथापि सार्वजनिक पैशातून अपंग व्यक्तीच्या घरासाठी खर्च होण्याचे प्रसंग आपल्याकडेही आहेत. शासकीय व्यवहारात आता ‘दिव्यांग’ हा शब्द रूढ झाला आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमानुसार गृहवाटपाच्या संबंधित योजनांत लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तींसाठी ५ टक्के आरक्षण आहे. ग्रामपंचायतींनी आपल्या स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावयाचा असतो, हे पंचायत सदस्यांना ठाऊकच आहे.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात घर लाभार्थीनेच बांधावयाचे असते आणि बांधकामाच्या टप्प्यांची छायाचित्रे स्थळनोंदीसह पाठविल्यावर हप्ते मिळतात. घर उभे राहिले की नाही हे ठरविण्यासाठी ही पद्धत निश्चितच चांगली आहे. खोटी नोंद त्यामुळे अवघड होते. पण छायाचित्रातून उतार मोजता येत नाही. चाकांच्या खुर्चीसाठीच्या उतरत्या मार्गाचे सर्वमान्य प्रमाण एकास बारा असे आहे, म्हणजे एक फूट चढण्यासाठी बारा फूट लांबी. आपल्या खेड्यांत घराचे जोते दीड फूट असणे सर्वसाधारण आहे. त्यासाठी अठरा फूट लांबीचा मार्ग हवा. अंगणात जागा सहा फुटांचीच असली की गवंडी सहा फुटांतच तो बसवितो. त्याचे प्रमाण एकास चार होते. छायाचित्रात तो उतरता मार्गच दिसतो, नोंदवहीत तसाच लिहिला जातो, आणि खुर्ची त्यावरून मागून ढकलणाऱ्यासह खाली घसरते. वास्तविक भिंतीलगत वळण देऊन, मध्ये सपाट जागा ठेवून तीच लांबी पुष्कळदा बसविता येते. ते काम सुरू होण्यापूर्वी सुचले पाहिजे, एवढेच.

अशा कामाच्या मंजुरीच्या कागदावर जोत्याची उंची, उतरत्या मार्गाची लांबी, दाराची मोकळी रुंदी आणि दांडा कोणत्या हाताशी हवा, या चार नोंदी आधीच लिहून ठेवल्या, तर काम संपल्यावर त्या टेप व पाणसळ घेऊन ताडून पाहता येतात. गावातील शिक्षक किंवा ग्रामसेवक हे काम करू शकतो. त्यासाठी अभियंत्याची वाट पाहण्याचे कारण नाही. मोजमाप जुळले नाही तर वाद कोणाच्या म्हणण्यावर चालत नाही, आकड्यांवर चालतो. आणि एवढ्याने भागले नाही तर २०१६ च्या अधिनियमान्वये राज्य आयुक्तांकडे तक्रार करता येते. हक्क डावलल्याच्या प्रकरणांची चौकशी करण्याचा अधिकार त्यांना आहे, आणि या कामी साक्षीदारांना बोलावणे, कागदपत्रे मागविणे यांबाबत त्यांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. त्या तक्रारीसोबत मंजुरीच्या वेळच्या आणि काम संपल्यानंतरच्या नोंदींची प्रत जोडावी.